दहाव्या हिश्श्यासाठी जेझुइटांशी भिडलेला बिशप, ज्याला स्वतःच्याच शहरातून रात्री पळून जावं लागलं

जून १६४७. मेक्सिकोतलं प्वेब्ला शहर. रात्रीच्या अंधारात एक माणूस मोजकी माणसं सोबत घेऊन गुपचूप शहराबाहेर पडला आणि डोंगराच्या दिशेने निघून गेला. पुढचे जवळपास चार महिने तो कुठे आहे हे फार थोड्या लोकांना ठाऊक होतं.

हा माणूस कुणी चोर नव्हता, दरोडेखोर नव्हता. तो या शहराचा बिशप होता. पाच वर्षांपूर्वी तर तो अख्ख्या न्यू स्पेनचा, म्हणजे आजच्या मेक्सिकोचा व्हाइसरॉय होता. राजाचा खास माणूस. त्याने एका व्हाइसरॉयला रातोरात खुर्चीवरून खाली उतरवलं होतं.

मग अशा माणसावर पळायची वेळ का आली?

तर त्याचं मूळ होतं शेतमालाच्या दहाव्या हिश्श्यात. गव्हाच्या पोत्यात, मेंढ्यांच्या कळपात आणि साखरेच्या घाण्यात.

या माणसाचं नाव हुआन दे पालाफॉक्स इ मेंदोसा.

२४ जून १६०० रोजी स्पेनच्या नावार्रा प्रांतातल्या फितेरो गावात एक पोर जन्माला आलं. आई खानदानी घरातली, बापही बड्या सरदार घराण्यातला, पण दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. घराण्याची अब्रू जायला नको म्हणून बाळंतपण लपूनछपून उरकलं गेलं. असं सांगितलं जातं की बाळाला टोपलीत घालून नदीत सोडायला एक दासी निघाली होती. वाटेत एका म्हाताऱ्या माणसाने तिला अडवलं आणि टोपलीतलं पोर स्वतःच्या घरी नेलं. आपल्याकडच्या वाचकाला इथं कर्णाची आठवण येणारच. पोराची पहिली नऊ वर्षं या गरीब घरात गेली. नंतर बापाने त्याला आपला मुलगा म्हणून मान्य केलं आणि एका झटक्यात आयुष्य पालटलं. आईने मात्र तोवर संसार सोडून कार्मेलाइट मठाची वाट धरली होती.

पुढे वेस्का, अल्काला आणि सालामांका इथं त्याचं कायद्याचं शिक्षण झालं. १६२६ मध्ये आरागॉनच्या सरदारांची सभा भरली होती, तिथं या पंचविशीतल्या पोराचं बोलणं राजाचा सर्वेसर्वा मंत्री काउंट-ड्यूक ओलिवारेस याच्या नजरेत भरलं. ओलिवारेसने त्याला थेट माद्रिदला आणलं. आधी युद्ध मंडळात आणि नंतर वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या इंडीज मंडळात सरकारी वकील म्हणून पालाफॉक्स यांची नेमणूक झाली. १६२९ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षाही घेतली.

हे नीट लक्षात ठेवायला हवं. पालाफॉक्स आधी राजाचे वकील होते आणि मग धर्मगुरू झाले. अमेरिकेतल्या वसाहतींतून किती पैसा येतो, किती यायला पाहिजे आणि मधल्या मध्ये कोण किती खातो, याच्या फायली त्यांनी दहाएक वर्षं चाळल्या होत्या.

आणि त्या काळात राजाला पैसा हवाच होता. चौथा फिलिप एकाच वेळी डच, फ्रेंच आणि जर्मन प्रोटेस्टंट अशा सगळ्यांशी लढत होता. सैन्याचा खर्च भागवण्यासाठी न्यू स्पेनमधला विक्रीकर, ज्याला तिथं आल्काबाला म्हणायचे, तो २ टक्क्यांवरून १६३० च्या दशकात आधी ४ आणि मग ६ टक्क्यांवर नेला होता. व्यापारी वैतागले होते. तरी तिजोरीचा खड्डा काही भरत नव्हता.

१६३९ मध्ये राजाने पालाफॉक्स यांना प्वेब्लाचा बिशप नेमलं. सोबत आणखी एक काम दिलं, ते म्हणजे सर्व न्यू स्पेनच्या सरकारी कारभाराची तपासणी. एका हातात धर्मदंड आणि दुसऱ्या हातात ऑडिटरची वही. १६४० च्या जूनमध्ये ते व्हेराक्रूझ बंदरात उतरले आणि जुलैमध्ये प्वेब्लात दाखल झाले.

आता जरा प्वेब्लाबद्दल.

हे शहर १५३१ मध्ये खास स्पॅनिश लोकांना वसवण्यासाठी उभारलं होतं. व्हेराक्रूझ बंदर आणि मेक्सिको सिटी यांच्या मधल्या वाटेवर. शेजारी आत्लिस्कोचं खोरं, जिथं गहू उत्तम पिकायचा. प्वेब्लाचं पीठ आणि जहाजावर टिकणारी कडक बिस्किटं हवानापर्यंत आणि राजाच्या आरमारापर्यंत जायची. पालाफॉक्स आले तेव्हा मेक्सिको सिटीच्या खालोखाल या शहराचा नंबर लागायचा. जाता जाता, त्याच वेळी या शहरात भारतातून गुलाम म्हणून आणलेली एक बाईही राहत होती. कोची आणि मनिलामार्गे तिला विकत विकत इथवर आणलं होतं असं सांगतात. कातारिना दे सान हुआन हे तिचं तिथलं नाव. पुढे तिचीही दंतकथा झाली, पण तो वेगळा विषय.

जिथं गहू, तिथं दशांश. आणि जिथं दशांश, तिथं भांडण.

दशांश म्हणजे शेतकऱ्याने आणि पशुपालकाने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. तोही खर्च वजा करून नाही, तर एकूण उत्पन्नावर. दहा पोती गहू झाला की एक पोतं चर्चचं. दहा कोकरं जन्मली की एक चर्चचं. मूळ रहिवाशांना त्यांच्या मका, घेवडा अशा पिकांवर सूट होती. मात्र स्पॅनिश लोकांनी आणलेला गहू, गुरंढोरं आणि रेशीम यांवर त्यांनाही दशांश पडायचा.

आता तुम्ही म्हणाल, चर्चचा पैसा आहे तर राजाचा संबंध काय?

संबंध होता आणि तो फार जवळचा होता. १५०१ मध्ये पोप सहावा अलेक्झांडर याने अमेरिकेतला सगळा दशांश थेट स्पेनच्या राजाला देऊन टाकला होता. अट एकच, की तिथल्या चर्चचा खर्च राजाने उचलायचा. १५१२ मध्ये राजाने तो दशांश बिशपांकडे परत सोपवला, पण थोडा हिस्सा स्वतःकडे ठेवून. म्हणजे कागदावर मालक राजाच, बिशप फक्त त्याच्या मर्जीने खाणारे.

वाटणीचं गणितही मजेशीर होतं. समजा एका भागातून १८०० पेसो दशांश गोळा झाला. त्याचे आधी दोन सारखे भाग करायचे, ९०० आणि ९००. पहिल्या भागातले ४५० बिशपचे आणि ४५० कॅथेड्रलच्या धर्मगुरू मंडळाचे. दुसऱ्या ९०० चे नऊ हिस्से. त्यातले दोन, म्हणजे २०० पेसो राजाचे. दीड हिस्सा, म्हणजे १५० पेसो कॅथेड्रलच्या बांधकामाला. तेवढेच इस्पितळाला. उरलेले चार हिस्से, ४०० पेसो, खालच्या धर्मगुरूंना आणि इतर सेवकांना.

म्हणजे एकूण दशांशाचा नववा भाग सरकारी तिजोरीत जायचा. वरवर पाहता रक्कम छोटी वाटते. पण खरी गोम वेगळीच होती. दशांश कमी पडला, तर चर्चचा खर्च भागवायची जबाबदारी राजाच्या अंगावर यायची. त्यामुळे दशांश बुडाला की राजाला दोन्हीकडून फटका. हिस्सा गेलाच, वर खिशातून घालायची पाळी.

वसुली दोन पद्धतींनी व्हायची. एक तर कॅथेड्रल आपले माणूस पाठवून माल गोळा करायचं, नाहीतर एखाद्या भागाच्या दशांशाचा लिलाव करून मक्ता द्यायचं. मक्तेदार ठरलेली रोकड द्यायचा आणि वरचा नफा स्वतः ठेवायचा. आपल्याकडच्या इजाऱ्यासारखंच. त्यामुळे कुठली जमीन दशांश देते आणि कुठली देत नाही, यावर मक्त्याची बोली ठरायची.

आणि दशांश न देणाऱ्या जमिनी वाढत चालल्या होत्या.

डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट अशा संघांचं म्हणणं होतं की पोपने आम्हाला सूट दिलेली आहे, आमच्या जमिनींना दशांश लागू नाही. सुरुवातीला ठीक होतं, कारण जमिनीच कमी होत्या. पण शंभर वर्षांत भक्तांनी दिलेल्या, मृत्युपत्रातून आलेल्या आणि विकत घेतलेल्या इस्टेटी एवढ्या झाल्या की बिशपांना घाम फुटला. एखाद्या जमीनदाराची हासिएंडा संघाकडे गेली की त्या जमिनीचा दशांश कायमचा बंद. गहू तोच, मेंढ्या त्याच, फक्त मालक बदलला.

जेझुइट यात सगळ्यांत पुढे होते. ते काही ऐषारामी लोक नव्हते. त्यांची कॉलेजं फुकट शिकवायची आणि त्यांचा खर्च या इस्टेटींवर चालायचा. शिवाय त्यांची शेती कमालीची शिस्तीत चालायची, हिशोब चोख असायचे. त्यांच्या बाजूने पाहिलं तर उत्पन्नातला दहावा हिस्सा बिशपला देणं म्हणजे कॉलेजवरचा खर्च कापणं. साखरेच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांचा विचार मात्र या भांडणात दोन्ही बाजूंनी फारसा झाला नाही.

ठिणगी पालाफॉक्स पोचायच्या आधीच पडली होती. प्वेब्ला कॅथेड्रलच्याच एर्नांदो दे ला सेर्ना नावाच्या धर्मगुरूने आपली एक हासिएंडा व्हेराक्रूझमधल्या जेझुइट कॉलेजला द्यायचं ठरवलं. कॅथेड्रलचं मंडळ चवताळलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जमीन खुशाल द्या, पण त्यावरचा दशांश चालू राहील अशी अट घाला. सेर्ना यांनी ऐकलं नाही, तेव्हा मंडळाने त्यांच्यावर कारवाई केली. आपलाच माणूस आपल्याच पगाराच्या मुळावर उठला म्हटल्यावर दुसरं काय होणार? पालाफॉक्स आले ते या चालू खटल्यातच, आणि त्यांनी तो पूर्ण ताकदीने पुढे रेटला.

पण जेझुइटांच्या आधी त्यांनी दुसरीकडे हात घातला. मूळ रहिवाशांच्या गावांतली चर्च फ्रान्सिस्कन आणि इतर संघांच्या साधूंकडे होती. नियम असा होता की गावाचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने बिशपसमोर परीक्षा द्यायची, धर्मज्ञानाची आणि स्थानिक भाषेची. साधूंनी नकार दिला. पालाफॉक्स यांनी १६४० च्या अखेरीस आणि १६४१ च्या सुरुवातीला ३६ गावांची चर्च त्यांच्याकडून काढून बिशपच्या हाताखालच्या धर्मगुरूंना दिली. शंभर वर्षांचा कारभार असा हातोहात बदलला.

तेवढ्यात तिकडे युरोपात मोठा भूकंप झाला. डिसेंबर १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनच्या राजाचं जू झुगारून दिलं. १५८० पासून पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडेच होता, म्हणजे तोवर आपला गोवासुद्धा कागदोपत्री माद्रिदच्या राजाचाच होता. गोव्याने १६४१ मध्ये नव्या पोर्तुगीज राजाच्या नावाची द्वाही फिरवली. पण मेक्सिकोत वेगळाच पेच उभा राहिला. तिथला व्हाइसरॉय ड्यूक ऑफ एस्कालोना हा पोर्तुगालच्या नव्या राजाचा नातेवाईक निघाला! त्यात पालाफॉक्स यांचं आणि त्याचं आधीच बिनसलेलं. पालाफॉक्स यांनी माद्रिदला संशयाची पत्रं धाडली आणि राजाकडून गुप्त हुकूम आला. जून १६४२ मध्ये एका रात्री पालाफॉक्स यांनी मेक्सिको सिटीत व्हाइसरॉयला पदावरून हटवलं. त्याची मालमत्ता जप्त केली. पुढे स्पेनमध्ये एस्कालोना निर्दोष ठरला, त्यामुळे हा संशय कितपत खरा होता हा प्रश्न उरतोच.

नवा व्हाइसरॉय येईपर्यंत जवळपास पाच महिने पालाफॉक्स यांनीच राज्य चालवलं. मेक्सिकोचं आर्चबिशपपद समोर आलं होतं, तेही त्यांनी नाकारलं. नोव्हेंबरमध्ये काउंट ऑफ साल्वातिएर्रा व्हाइसरॉय म्हणून आला आणि पालाफॉक्स प्वेब्लाला परतले. तपासणीचं काम मात्र सुरूच होतं. जिल्ह्यांचे अधिकारी मूळ रहिवाशांना जबरदस्तीने माल विकतात आणि त्यांच्याकडून फुकट काम करून घेतात, हे त्यांनी राजाला कळवलं. त्या अधिकाऱ्यांची पदं माद्रिदमधून किंवा व्हाइसरॉयच्या दरबारातून न वाटता स्थानिक लोकांतूनच भरावीत, असंही सुचवलं. हे अधिकारी व्हाइसरॉयच्या गोतावळ्यातले असायचे. म्हणजे साल्वातिएर्राही आता शत्रूंच्या यादीत आला.

प्वेब्लात मात्र त्यांनी कामाचा धडाका लावला. १५७५ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षं रखडलेलं कॅथेड्रल त्यांनी पुन्हा हाती घेतलं. सेमिनरी काढल्या. आणि ५ सप्टेंबर १६४६ रोजी स्वतःच्या संग्रहातली ५ हजार पुस्तकं दान करून टाकली. अट अशी की ती फक्त धर्मगुरूंसाठी नाहीत, ज्याला वाचता येतं त्या कुणालाही ती वाचता आली पाहिजेत.

हे सगळं उभं राहत होतं ते मोठ्या प्रमाणात दशांशावर. त्यामुळे जेझुइटांच्या जमिनी त्यांच्या डोळ्यांत सलत होत्या. पोपला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिशोबच मांडला. जेझुइटांच्या दोनच कॉलेजांकडे ३ लाख मेंढ्या आहेत, सर्वांत मोठ्या साखर कारखान्यांपैकी सहा त्यांचे आहेत आणि त्यातले काही दहा लाख पेसोंच्या घरात जातात, असा त्यांचा दावा होता. जेझुइटांनी हे आकडे फुगवलेले आहेत म्हणून उडवून लावले. आकड्यांत मीठमसाला असेलही, पण जमिनी जात होत्या आणि दशांश घटत होता हे कॅथेड्रलच्या वह्यांत दिसत होतं.

मार्च १६४७ मध्ये भांडणाने वेगळं वळण घेतलं. बिशपच्या कचेरीने जेझुइटांना नोटीस काढली. प्रवचन द्यायचा आणि कबुलीजबाब ऐकायचा परवाना असेल तर २४ तासांत दाखवा, नसेल तर ही कामं बंद करा.

जेझुइटांनी परवाने दाखवले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की पोपने दिलेल्या हक्कांमुळे आम्हाला बिशपच्या कागदाची गरजच नाही. कायद्याच्या दृष्टीने मुद्दा परवान्याचा होता, पण पैशाचं भांडण आधीच सात-आठ वर्षं धुमसत होतं हे प्वेब्लातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

जेझुइटांनी एक जुना नियम शोधून काढला आणि आपल्या हक्कांच्या रक्षणासाठी दोन डॉमिनिकन साधूंना न्यायाधीश नेमलं. या न्यायाधीशांनी बिशपलाच धर्मबहिष्कृत केलं. बिशपने उलट त्यांना आणि जेझुइटांना बहिष्कृत केलं. भिंतींवर एकमेकांविरुद्धची फर्मानं चिकटू लागली. व्हाइसरॉय साल्वातिएर्रा, मेक्सिकोचे आर्चबिशप हुआन दे मान्योस्का आणि इन्क्विझिशन, सगळे जेझुइटांच्या बाजूने उभे राहिले. प्वेब्लातली सामान्य जनता बहुतांशी बिशपच्या बाजूने होती. रस्त्यावर रक्त सांडायची वेळ आली, आणि त्याच जूनमध्ये पालाफॉक्स शहर सोडून निघून गेले.

ते डोंगराळ भागातल्या हासिएंडांवर लपून राहिले. मागे कॅथेड्रलच्या मंडळावर दबाव आला आणि ज्या मंडळाच्या दशांशासाठी ते लढत होते, त्याच मंडळाने बिशपची जागा रिकामी असल्याचं जाहीर केलं. ३१ जुलैला, जेझुइटांच्या संस्थापकाच्या सणाला, त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्वेब्लाच्या रस्त्यांवरून सोंगांची मिरवणूक काढली. त्यात बिशपचा धर्मदंड घोड्याच्या शेपटीला बांधला होता.

नोव्हेंबरमध्ये चित्र पालटलं. साल्वातिएर्राची बदली पेरूला झाल्याची बातमी आली आणि पालाफॉक्स परत आले. मे १६४८ मध्ये पोप दहावा इनोसंट याने परवान्याच्या मुद्द्यावर बिशपच्या बाजूने निकाल दिला. पण एवढा गोंधळ राजालाही परवडणारा नव्हता. चौथ्या फिलिपने त्यांना परत बोलावलं.

पालाफॉक्स यांनी कॅथेड्रलचं काम संपवण्यासाठी दिवसरात्र एक केली. १८ एप्रिल १६४९ रोजी कॅथेड्रलचं पवित्रीकरण झालं आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी प्वेब्ला सोडलं. ज्या शहराच्या वसुलीसाठी ते भांडले, त्या शहरातून ते डोक्यावर कर्ज घेऊन निघाले. परत येऊ, असं त्यांना वाटत होतं. त्यांना ते शहर पुन्हा दिसलं नाही.

स्पेनमध्ये त्यांना ओस्मा नावाच्या छोट्या, गरीब भागाचं बिशपपद मिळालं. इथं गंमत अशी झाली की राजाच्या माणसांनी धर्मगुरूंकडून कर वसूल करायला सुरुवात केल्यावर पालाफॉक्स यांनीच राजाविरुद्ध अर्ज लिहिला. एकेकाळी राजाच्या पै-पैचा हिशोब ठेवणारा वकील आता चर्चचा पैसा राजापासून वाचवत होता. फिलिपने त्यांना कडक शब्दांत झापलं. १ ऑक्टोबर १६५९ रोजी ओस्मामध्येच त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्याकडे फारसं काहीच उरलं नव्हतं.

आणि दशांशाचं काय झालं? १६५० च्या दशकातच इंडीज मंडळाने निकाल दिला की संघांच्या जमिनींनाही दशांश लागू आहे. जेझुइटांनी अंमलबजावणी वर्षानुवर्षं लांबवली. १७५० मध्ये तडजोड झाली आणि त्यांनी दहाव्याऐवजी तिसावा हिस्सा द्यायचं ठरलं. तिसऱ्या कार्लोस राजाने १७६६ मध्ये ती तडजोडही मोडीत काढली आणि पुढच्याच वर्षी जेझुइटांना आपल्या सगळ्या राज्यांतून हाकलून त्यांच्या इस्टेटी जप्त केल्या. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची पालाफॉक्स यांची पत्रं जेझुइटांविरुद्ध हत्यार म्हणून वापरली गेली. त्यांना संतपदाच्या वाटेवर न्यायची मोहीमही याच राजकारणात अडकली. १७२६ मध्ये सुरू झालेली ती प्रक्रिया रखडत रखडत २०११ पर्यंत चालली. त्या वर्षी ५ जूनला ओस्मामध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आलं.

प्वेब्लाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी स्वतःसाठी तयार करून ठेवलेली कबर रिकामीच राहिली. ग्रंथालय मात्र वाढत गेलं. बिब्लिओतेका पालाफॉक्सियाना या नावाने ते आजही उभं आहे, अमेरिका खंडातलं पहिलं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून ओळखलं जातं आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत त्याची नोंद झाली. ५ हजारांची पुस्तकं आता ४५ हजारांच्या वर गेली आहेत. त्यातली बरीचशी पुस्तकं १७६७ मध्ये बंद पडलेल्या प्वेब्लातल्या जेझुइट कॉलेजांच्या कपाटांतून तिथं आलेली आहेत.